सवलतीचा रकाना

तिकीट-कचेरीतल्या बाईंना लोक पाठीमागे 'भोंगा' म्हणत आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग येत नसे. उलट घरात नवऱ्याशी वाजलं की त्याच दटावत, "लोक मला भोंगा म्हणतात ते उगाच नाही, जरा बेतानं." बावीस वर्षं त्या एकाच खिडकीत बसत होत्या आणि कचेरीचा सगळा कारभार त्यांच्या आवाजावर चालत होता. यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

कचेरी म्हणजे एकच लांबट खोली. दाराजवळ काउंटर, त्यामागे बाई. डाव्या भिंतीला लागून गिऱ्हाइकांचा बाक. आणि पार मागच्या भिंतीशी टायपिस्ट, कारण विजेचं बटण आणि नेटची वायर तिथंच होती. या टायपिस्टची बोटं वाऱ्यासारखी चालत, पण डोळ्यांचं नाव काढू नका. जाड भिंगाचा चष्मा लावूनही लोकांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर त्याला लागत नसे. बाईंना मात्र कुणाचंही अक्षर लागे. मग मालकांनीच पहिल्या वर्षी तोडगा काढला होता. बाईंनी फॉर्म मोठ्यानं वाचायचा, टायपिस्टनं टाइप करायचा आणि खात्रीसाठी तितक्याच मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा. नाव, वय, तारीख, गाडी, जायचं ठिकाण, फोन नंबर, सवलतीचं कारण, सगळं दोनदा, पाढे म्हटल्यासारखं. मग तो फॉर्म भिंतीवरच्या खिळ्यात टोचला जाई.

"बावीस वर्षांत एक तिकीट चुकलेलं नाही," मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "ध चा मा व्हायला इथं जागाच नाही."

ते खरंच होतं. आता या पद्धतीत बाकावरच्या लोकांना कुणाचं खरं वय किती, कुणाची मुलगी सुट्टीत माहेरी न येता कुठं निघालीय, कोण कुणाबरोबर एकाच डब्यात बसून जाणार आहे, हे आपोआप कळे. काही जण तर तिकीट काढून झाल्यावरही पाय दुखतात म्हणून बसून राहत. तक्रार कुणीच करत नसे, कारण ज्याच्या त्याच्या वाट्याला दुसऱ्याचं ऐकायला येई तेव्हा मजाच वाटे. बाईंना तर यात वावगं काही असू शकतं, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

एका मंगळवारी एक वायरमन आला. तिशीतला, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यानं बहिणीसाठी भरून आणलेला फॉर्म काउंटरवर पालथा ठेवला. बरोबर चौघडी घातलेलं डॉक्टरांचं पत्र होतं. त्याची बहीण शाळेत गणित शिकवते, एवढं बाईंना ऐकून माहीत होतं.

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला हो," बाई म्हणाल्या, "इथं काय चोरीचा मामला नाही."

बाक हसला. वायरमनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते खालचं... शेवटचं. ते वाचलं नाही तर चालेल का?"

"न वाचता तो टाइप काय करणार? मनकवडा आहे का तो?" असं म्हणून बाईंनी फॉर्म सुलटा केला आणि नेहमीच्या सुरात वाचायला घेतला. नाव वाचलं, आडनाव वाचलं. वय एकोणचाळीस. गुरुवार, सकाळची गाडी. मोठ्या इस्पितळाचं शहर. मग शेवटचा रकाना आला आणि त्याच दमात बाईंनी तोही वाचला. "सवलतीचं कारण, रुग्ण. आजार, कर्करोग. सोबत डॉक्टरांचं पत्र."

मागून टायपिस्टनं परत म्हटलं, "रुग्ण. कर्करोग. पत्र."

वायरमननं तिकीट घेतलं, पाकिटात घातलं आणि मान वर न करता निघून गेला. बाईंना काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण रांग मोठी होती. त्यांनी फॉर्म खिळ्यात टोचला आणि पुढचा घेतला.

शनिवारी लॉण्ड्रीवाली आली. त्या मंगळवारी ती बाकावरच होती. तिचं घर त्या मास्तरणीच्या घराला लागून. मनानं सोन्यासारखी, पण पोटात गोष्ट राहील तर शपथ.

"बाई, मी त्याच दुपारी गेले हो त्यांच्या आईकडे," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, धीर द्यावा. शेजारधर्म आहे. तर काय, म्हातारीला पत्ताच नव्हता! तिला मीच पहिल्यांदा सांगितलं, असं झालं बघा."

ज्या मुलीनं घरात ताकास तूर लागू दिली नव्हती, तिचं दुखणं बाईंनी भर कचेरीत चव्हाट्यावर मांडलं होतं. आणि तो भाऊ तर वाचू नका म्हणत होता. त्याला 'चोरीचा मामला' म्हणून हसलं कोण? बाईच. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की दुपारचा डबा त्यांनी उघडला नाही.

रविवारी त्या मास्तरणीच्या घरी गेल्या. नवरा म्हणाला, वरातीमागून घोडं नेऊन काय होणार? बाई म्हणाल्या, घोडं तरी नेते.

दार म्हाताऱ्या आईनं उघडलं. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, तेव्हा तिनं क्षणभर दार तसंच धरून ठेवलं. मग बाजूला झाली. आत मास्तरीण टेबलाशी वह्या तपासत होती. आदल्या दिवशीच इस्पितळातून परतली होती. चेहरा उतरलेला, पण लाल पेन हातात घट्ट.

"मॅडम, मी माफी मागायला आलेय," बाई म्हणाल्या. घरात त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला.

मास्तरणीनं वही मिटली. "मी चार दिवस वाक्यं जुळवत होते," ती शांतपणे म्हणाली. "वर्गात चाळीस मुलांना अपूर्णांक समजावते, पण आईला हे कसं समजवायचं ते काही जमत नव्हतं. बुधवारी सांगायचं ठरवलं होतं. जेवण झाल्यावर, तिचा हात हातात घेऊन. मंगळवारी शाळेतून आले तर ही रडत बसलेली. मग मीच हिचे डोळे पुसले, पाणी दिलं, समजूत काढली. माझं रडायचं राहूनच गेलं बघा."

आई पाठमोरी होऊन खिडकीचा पडदा नीट करू लागली. पडदा नीटच होता.

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, मला माहीत आहे," मास्तरीण पुढं म्हणाली. "माफ केलं. पण यापुढं तिकीट तुमच्याकडून नाही. दर तीन आठवड्यांनी जायचंय, अजून पाच फेऱ्या. बिनआरक्षणाच्या डब्यातून जाईन. सवलतही नको."

"सहा तास? उभ्यानं? आणि येताना अंगात एवढं औषध घेऊन?"

"उभ्यानं. तिथं निदान माझा रकाना कुणी वाचत नाही."

बाई परत निघाल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही मुलगी आपल्यामुळं सहा तास उभी राहणार. पुढच्या फेरीला अठरा दिवस होते. तोवर या खिडकीत अशी सोय करायची की तिला येऊन बिनघोर तिकीट काढता आलं पाहिजे, मग त्यासाठी मालकांशी चार हात करावे लागले तरी बेहत्तर. बाईंनी कानाला खडा लावला, यापुढं कुणाचा फॉर्म मोठ्यानं वाचायचा नाही.

सोमवारी त्यांनी प्रत्येक फॉर्म हातात घेऊन मागच्या भिंतीपर्यंत चालत जायचं आणि टायपिस्टच्या कानाशी वाकून वाचायचं, असं सुरू केलं. बारा पावलं जायचं, बारा यायचं. दुपारपर्यंत गुडघ्यांनी राम म्हटला आणि रांग रस्त्यावर गेली.

मालक धावत आले. "हे काय नवीन खूळ, बाई? आवाज गेला का?"

बाईंनी सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं, हळहळले सुद्धा. पण शेवटी म्हणाले, "एका माणसाचं झालं म्हणून बावीस वर्षांची पद्धत मोडायची? बाकीच्यांचं कुठं काय अडलंय?"

"अडलंय की नाही, हे आपण विचारलंय कुणाला? लोक तिकिटासाठी सांगतात, मालक. बाकासाठी नाही सांगत."

"मग करायचं काय?"

"कॉम्प्युटर पुढं आणायचा. मी वाचीन ते मनात, आणि मीच टाइप करीन."

मालक हसलेच. "तुम्ही? तुम्हाला तर फोनवर 'बरं' लिहायला दोन मिनिटं लागतात."

"शिकेन."

"आणि चुकलं तिकीट तर?"

"तर खिडकी सोडते," बाई म्हणाल्या. ती खिडकी त्यांना घराइतकीच प्यारी होती. पण शब्द मागं घेतला नाही.

टायपिस्टचा चेहरा पडला होता. "बाई, मग मी काय करायचं?"

"फोनवरच्या तिकिटांचा आणि रद्द झालेल्यांचा केवढा ढीग पडलाय, तो कोण उपसणार? मी? तू कुठं जात नाहीस. आधी मला शिकव."

आणि रोज जेवणाच्या सुट्टीत चोपन्न वर्षांची शिष्या पहिलीच्या मुलीसारखी अक्षरं शोधू लागली. टायपिस्ट गुरू म्हणून फार कडक निघाला. "बघू नका, बोटांना कळू द्या," तो म्हणे. "माझ्या बोटांना भाजी चिरायची कळते, हे कळत नाही," बाई म्हणत. सरावाला त्या नवऱ्याचं नाव वापरत. आठवडाभरात त्यांनी त्याला नव्वद वर्षांचा केला, बाई केला, आणि एकदा लहान मुलाच्या अर्ध्या तिकिटावर बसवून पाठवला. पहिल्या चार दिवसांत त्यांच्या नाकी नऊ आले. पाचव्या दिवशी त्यांनी एक अख्खा फॉर्म बिनचूक उतरवला आणि टायपिस्टला घरून आणलेला डबा संपूर्ण देऊन टाकला.

उरली ती वायर. ती पुढपर्यंत पोचत नव्हती आणि मालक म्हणत होते, वायरमन मिळत नाहीत हल्ली. एक वायरमन तर बाईंना माहीत होता. त्याचा नंबर त्या फॉर्मवर होता आणि फॉर्म खिळ्यावर. बाई उठल्या, खिळ्यापर्यंत गेल्या, कागद चाळायला हात घातला आणि तिथंच थबकल्या. तो नंबर त्यानं बहिणीच्या तिकिटासाठी दिला होता. कचेरीची वायर ओढण्यासाठी नव्हे.

आणि तेव्हाच त्यांना खिळा पहिल्यांदा नीट दिसला. बाकावर बसल्या बसल्या मान तिरकी केली की सगळ्यात वरचा फॉर्म सरळ वाचता येत होता. म्हणजे तोंड बंद केलं तरी भिंत बोलतच होती. लोक म्हणतात भिंतींना कान असतात, या भिंतीला तर जीभ होती. बाईंनी सगळे कागद काढले, खणात घातले, कुलूप लावलं. मग टायपिस्टकडून पक्कड घेऊन खिळाही उपटला. त्या जागी भोक तेवढं उरलं.

वायरमनच्या शोधात त्या संध्याकाळी बल्ब-बटणांच्या दुकानात चालत गेल्या आणि निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. कुणाचं काम आहे ते त्याला कळलं होतं, तरी आला. तासभर गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेनं पट्टी ठोकत वायर काउंटरपर्यंत आणली. बाईंच्या जिभेवर दहादा आलं, ताई कशा आहेत? दहाही वेळा त्यांनी ते गिळलं. बाकावर चार माणसं होती.

हत्यारं पिशवीत टाकताना तोच हळूच म्हणाला, "त्या दिवशी मीच तो फॉर्म परत घ्यायला हवा होता. मीच भित्रा."

"तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "घरी सांगा, खिडकीत आता फक्त कॉम्प्युटर आहे, भोंगा नाही. यावं असा आग्रह नाही. फक्त सांगा."

त्या दिवसापासून कचेरीत नवा कारभार सुरू झाला. बाई फॉर्म मनात वाचत, ओठही हलू देत नसत, दोन बोटांनी टकटक करत. मग कॉम्प्युटरचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून म्हणत, "बघा. बरोबर असेल तर मान हलवा." बाक पार कंटाळून गेला. ऐकायला काहीच नाही म्हटल्यावर पाय दुखणाऱ्यांची संख्याही घटली. रांगेतले कुरकुरत, "आधी बरं होतं, पटापट व्हायचं." तिसऱ्या दिवशी बाईंनी एकाची तारीख चुकवली. पडद्यावर ती चूक त्याची त्यानंच धरली, तिकीट छापायच्या आधी. मालक मागं उभे होते.

मालकांनी घसा खाकरला. "तुम्ही दोघं ओरडत होतात तेव्हा ही चूक गिऱ्हाइकाला दिसली असती का?" त्यांनी स्वतःशीच विचारल्यासारखं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा सांगायला गेले. खिडकी सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

लॉण्ड्रीवाली स्वतःचं तिकीट काढायला आली, तेव्हा तिनं फॉर्मवर अंगठा ठेवला होता.

"अंगठा उचला, दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"वय आहे तिथं," ती कुजबुजली. "म्हणणार नाही ना मोठ्यानं?"

बाईंनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. लॉण्ड्रीवालीनं अंगठा उचलला आणि तिचा चेहरा एकदम उतरला. स्वतःच्या दोन आकड्यांसाठी आपण केवढं जपतोय, हे तिला तेव्हाच उमगलं असावं. "मी त्या दिवशी जायला नको होतं हो त्यांच्याकडे."

"मी वाचायला नको होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या कानांना काय दोष द्यायचा."

फेरी गुरुवारी होती. सोमवार गेला, मास्तरीण आली नाही. मंगळवारी दुपारपर्यंत बाई दार वाजलं की मान वर करत होत्या. शेवटी त्यांनी मनाशी धरलं, नाही येणार. आपण दिलेली ठेच आहे, ती आपल्या मलमानं बरी होईलच असं थोडंच आहे? आणि तेवढ्यात ती आली. भावाला न पाठवता स्वतः. डोक्याला रुमाल बांधलेला, काखेत वह्यांचा गठ्ठा.

बाक भरलेला होता. ती रांगेत उभी राहिली, पाळी आल्यावर फॉर्म सरळ समोर ठेवला. नाव, वय, गुरुवार, सकाळची गाडी, सगळं सुवाच्य. शेवटचा रकाना मात्र कोरा. सवलत नाही, कारण नाही. रुग्णासाठी राखलेली खालची खिडकीजवळची जागा त्या रकान्याशिवाय मिळत नव्हती, हे बाईंना माहीत होतं आणि तिलाही.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. विचारणं म्हणजे पुन्हा सांगणंच झालं असतं. त्यांनी फॉर्म तिच्याकडं फिरवला, आपलं पेन त्यावर ठेवलं आणि कोऱ्या रकान्यावर बोट टेकवलं. बस, एवढंच.

मास्तरणीनं ते बोट पाहिलं. मग बाकाकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या त्या भोकाकडं.

"कागद कुठं ठेवता आता?"

"कुलपात. महिना झाला की फाडून टाकते, मी स्वतः."

मागचा माणूस खाकरला. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीसारखी ती त्या पेनाकडं बघत होती. मग तिनं पेन उचललं, डाव्या हाताचा आडोसा केला, आणि लिहिलं. चौघडी घातलेलं पत्र पर्समधून काढून फॉर्मखाली सरकवलं.

बाईंनी टाइप करायला घेतलं. नावाला वेळ लागला. गावाच्या जोडाक्षराला त्याहून जास्त. पण शेवटच्या रकान्याशी आल्यावर त्यांची बोटं मुळीच अडखळली नाहीत. हा एक शब्द त्यांनी या पंधरवड्यात सगळ्यांत जास्त गिरवला होता. रोज सुट्टीत दहा दहा वेळा लिहायचा आणि लगेच पुसायचा, टायपिस्टनं विचारलं तर सरकायचं दुसऱ्या विषयावर. हा शब्द लिहिताना कुणाला काही विचारायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी.

त्यांनी पडदा वळवला. मास्तरणीनं वही तपासावी तसं ओळ न् ओळ बोट फिरवत वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं बाईंकडं पाहिलं, बाईंनी तिच्याकडं. मग तिनं मान हलवली.

तिकीट छापून आलं. खालची जागा, खिडकीजवळ, जाताना आणि येताना. मास्तरणीनं ते दोनदा घडी घालून पर्समध्ये ठेवलं. वह्यांचा गठ्ठा सावरला. "पुढच्या फेरीला पण मीच येईन," ती म्हणाली आणि गेली.

दार लागलं न लागलं तोच बाकावरून एकानं मान लांब केली. "काय हो बाई, कुठं निघाल्या त्या?"

बाईंनी फॉर्म खणात टाकला, किल्ली फिरवली, आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा तो जुना आवाज खोलीभर घुमला.

"पुढचा कोण आहे?"